शहीद कर्नल संतोष महाडिक कोण होते? त्यांच्या पश्चात कुटुंबाचे काय झाले?

साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे. शिक्षण साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये, पुढे सैन्याच्या २१ पॅरा स्पेशल फोर्सेस या विशेष कमांडो तुकडीत. ईशान्येतल्या कारवाईसाठी सेना पदक आधीच मिळालं होतं. काश्मीरमधल्या कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्स या दहशतवादविरोधी तुकडीचे कमांडिंग ऑफिसर असताना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं. कमांडिंग ऑफिसर असूनही ते स्वतः पुढे होते, हे विशेष. मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं.

पत्नी स्वाती शिक्षिका होत्या, पदरात दोन लहान मुलं. तरी त्यांनी सैन्यात जायचं ठरवलं. वयाची अट त्यांच्यासाठी शिथिल झाली, पण एसएसबी (सैन्यातल्या अधिकाऱ्यांची निवड चाचणी) आणि चेन्नईच्या लष्करी अकादमीतलं खडतर प्रशिक्षण त्यांनी रीतसर पार केलं. सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या.