चहा सोडायच्या आधी बी-१२

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २२ वर्षांचा, नागपूरच्या महाल भागात राहतो, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे रविवारचं सावजी मटण ठरलेलं. मागच्या उन्हाळ्यात काटोलकडे मामाच्या गोठ्यावर राहिलो. म्हशीला नर रेडकू झालं की त्याच्या वाट्याला किती दूध येतं आणि पुढे त्याचं काय होतं, ते पाहिलं. परतल्यावर मटण सुटलं, मग अंडी, दिवाळीनंतर दही-ताक. आता फक्त चहातलं दूध राहिलंय. दुपारी थकवा येतो आणि आई लगेच म्हणते, "दूध नाही, दही नाही, मग अंगात ताकद कुठून येईल?" मला मागे फिरायचं नाही. पण आई म्हणते ते खरं आहे का?
— एक वाचक, महाल

उत्तर : आईचं निम्मं खरं आहे. ताकदीपुरती डाळ-भाकरी पुरेशी आहे. पण चहातल्या दुधाचा विचार करण्याआधी बी-१२ जीवनसत्त्वाचं बघ. चहा महिनाभर थांबेल, हे थांबणार नाही.

बी-१२ दिवसाला जेमतेम २.२ मायक्रोग्रॅम लागतं. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्या ताटात येतं ते दूध, अंडी, मांस-मासळीतून. मोड आलेले मूग, स्पिरुलिना (शेवाळाची पावडर), आंबवलेलं इडलीचं पीठ यांच्यावर त्यासाठी विसंबता येत नाही, कोणी कितीही छातीठोक सांगो. मटण खाणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाच्या यकृतात बहुधा साठा असतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. मग कधीतरी जीभ जळजळते, तळपायांना मुंग्या येतात, वाचलेलं डोक्यात राहत नाही. नसांना झालेली इजा उशिरा कळली तर ती पूर्ण भरून येईलच असं नाही. त्यात पालेभाज्या आणि डाळींतून फोलेट (ब गटातलंच एक जीवनसत्त्व) भरपूर मिळत असेल तर रक्त ठीक दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नको. बी-१२, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व, तिन्ही तपास. तपासणी गोळ्या सुरू करण्याआधी कर, नाहीतर आकडा फसवेल. मात्रा डॉक्टर ठरवतील; तू कॅप्सूल नको, गोळी द्या असं सांग, कारण कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. डी-३, म्हणजे गोळ्यांतलं ड जीवनसत्त्वदेखील, बहुतेक मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात; शेवाळी-दगडफुलाच्या जातीतून काढलेलं मिळतं, ते माग.

आता थकव्याचं. पत्रात काय काय सोडलं ते तू क्रमाने लिहिलंस, त्यांच्या जागी काय आलं याची एक ओळही नाही. मटण गेलं, अंडी गेली, दह्याची वाटी गेली, आणि पोळी-भाजी तेवढीच राहिली असेल तर दुपारी डोळे मिटणारच. माझा अंदाज असा की तुझा थकवा बराचसा इथला आहे. रिपोर्ट काय तो निकाल देतीलच.

जागा भरायला तुला महागडं व्हीगन (प्राण्यांपासूनचं काहीच नसलेलं) चीज नको. आपलं वऱ्हाडी-नागपुरी जेवण मुळातच तेल, डाळी आणि तेलबियांवर उभं आहे. गोळाभात घे, सोबत कढीऐवजी चिंचेचं सार. हिवाळ्यात सोले-वांगे, एरवी बरबटीची उसळ, पाटोडी रस्सा, झुणका-भाकर. जवसाची चटणी रोज ताटात हवीच, मासे न खाणाऱ्याला ओमेगा-३ तिथून मिळतं. कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम न सोललेल्या तिळात जवळपास तेवढं असतं, तितक्याच नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. तीळ भाजून कुटून खा, अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात. मुनग्याचा (शेवग्याचा) पाला मिळाला की सोडू नको. पालकावर मात्र भिस्त ठेवू नको, त्यातलं कॅल्शियम फारसं अंगी लागत नाही. आणि घरात सैंधव मीठ वापरत असाल तर आयोडीनयुक्त मिठावर या. दूध सुटलं की आयोडीनही कमी होतं.

दह्याची आठवण येत असेल तर फल्लीदाण्याचं (शेंगदाण्याचं) दही लावून बघ. दाणे रात्रभर भिजवून सालं काढायची, पाणी घालून गंधासारखं वाटायचं, फडक्यातून पिळायचं. ते दूध ढवळत उकळायचं, नाहीतर बुडाला लागतं. बोट सहन करेल इतकं कोमट झालं की देठासकट दोन-तीन हिरव्या मिरच्या त्यात बुडवून ठेवायच्या. विरजण त्या देठांचंच लागतं. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी लावलेलं दुपारी तयार. विसरलास तर आंबट ढाण होतं. दाण्याचा वास पहिल्या दिवशी खटकतो, जिऱ्याची फोडणी दिली की मठ्ठा म्हणून छान जातं. मात्र यात दुधाएवढं कॅल्शियम नाही, ते तिळाकडूनच घे.

चहात सोया दूध घालणार असशील तर उकळत्या आल्याच्या चहात ओतू नको, फाटतं. वेगळं गरम करून चहा थोडा निवल्यावर मिसळ. विकतचं कॅल्शियम घातलेलं घेतलंस तर डबा चांगला हलव, कॅल्शियम तळाशी बसतं. चहा आणि जेवण यांत तासाभराचं अंतर ठेव, चहा डाळीतलं लोह शोषू देत नाही. जेवणात लिंबू पिळ, मोसमात संत्रं खा, त्याने उलट लोह जास्त मिळतं.

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नको, तो दूध असलेल्या पदार्थावरही असतो. घटकांत दूध पावडर, व्हे, केसिन शोध, ही सगळी दुधाचीच रूपं. २०२२ पासून आपल्याकडे व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम आहेत, त्यांचं हिरवं चिन्हही आता काही पाकिटांवर दिसतं.

राहिली आई. मी स्वतः दूध घेते, पण गोठ्यावर जे पाहिलंस त्यावरून तू घेतलेला निर्णय मला मनापासून पटतो. तो आईवर लादू नको एवढंच. रविवारी तिच्या शेजारी उभा राहून त्याच सावजी मसाल्यात डाळकांदा तू कर. मटण त्यांचं त्यांना होऊ दे. रक्ततपासणीला आईला सोबत ने, म्हणजे डॉक्टर सांगतील ते तिच्याही कानावर पडेल. आणि रिपोर्टमधले आकडे मला कळव. बी-१२ खूपच खाली असेल तर डॉक्टर आधी इंजेक्शन देतील, घाबरून जाऊ नको.