पापडाचे फोटो आणि नणंदेचा अबोला

"ताई, धंद्यासाठी फोन सोडता येत नाही आणि फोनमुळेच घरात वाद होतात. काय करू?" जळगाव-धुळ्याकडच्या बायका मला हा प्रश्न सतत विचारतात. कोणी बचत गटातून पापड विकतं, कोणी साड्या, कोणी केळीचे वेफर्स. प्रत्येकीला वाटतं, आपल्याला फोन नीट वापरता येत नाही. खरं तर फोन त्यांना छान येतो. घोळ होतो तो गिऱ्हाईक आणि गणगोत एकाच यादीत बसवल्यामुळे.

यावल तालुक्यातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या उन्हाळ्यात उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे आणि गव्हाच्या कुरडया करून विकतात. हाताला चव आहे, माल चोख आहे. पण माझ्याकडे आल्या तेव्हा झोप उडालेली, जेवणावरची वासना गेलेली. म्हणाल्या, "मले तं काही सुधरत नही ताई. फोन वाजला का पोटात गोयाच येतो."

त्या रोज पहाटे उठल्या उठल्या मालाचे फोटो व्हॉट्सॲपवर सगळीकडे फॉरवर्ड करायच्या. एका वेळी पाचच ठिकाणी जातं, म्हणून पाच-पाचचे गठ्ठे करून. त्यात माहेरचा ग्रुप, सासरचा ग्रुप, मुलाच्या शाळेचा ग्रुप, सगळंच आलं. एका रात्री उशिरा सासरच्या ग्रुपवर बातमी आली की नणंदेचे सासरे गेले. ताई तेव्हा झोपलेल्या होत्या. पहाटे ग्रुप न उघडताच त्यांनी नेहमीसारखे फोटो पाठवले. गेलेल्या माणसाच्या फोटोखाली लगेच आलं, "उडदाचे पापड तयार आहेत, ऑर्डर द्या." नणंदेनं तिथंच लिहिलं, "वहिनी, घरात मयत आहे आणि तुम्हाले पापड सुचतात?" त्याखाली चार-पाच जणांचे अंगठे. घाबरून ताईंनी आपला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. पण डिलीट केल्याची खूण मागे राहतेच. ज्यांनी तो पाहिलाच नव्हता तेही विचारायला लागले, काय होतं हो?

त्यानंतर ताई ग्रुपवरून गप्प झाल्या आणि धंद्याचे मेसेजही त्यांनी बंद केले. ऐन हंगामात.

माफीचा एक मेसेज त्यांनी कितीदा तरी टाइप करून पुसला होता. शेवटचा मसुदा फोनमध्ये होता. मी म्हटलं, मला मोठ्यानं वाचून दाखवा. सुरुवात बरी होती, "माझ्याकडून चूक झाली". मग आलं "पण मी मुद्दाम केलं नाही". मग "सगळ्यांसमोर बोलायची गरज नव्हती". आणि त्यापुढे दोन वर्षांपूर्वीच्या लग्नातला आहेर. तिथं आल्यावर त्या आपणहून थांबल्या, फोन पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "हे पाठवलं असतं तं घर तुटलं असतं."

तीस माणसांच्या ग्रुपवर माफी मागितली की समोरची व्यक्ती आपल्याला उत्तर देत नाही, ती उरलेल्या सगळ्यांसमोर आपली बाजू सांभाळते. आपणही तेच करतो. बातमी द्यायला, लग्नाची तारीख कळवायला ग्रुप फार सोयीचा. पण दुखावलेल्या माणसाशी बोलायचं असेल तर फोन लावावा, आणि मयत झालेलं घर असेल तर उठून जावंच. आपल्याकडे दारावर बसायला जायची रीत आहे. ती मला फार शहाणपणाची वाटते, कारण तिथं शब्द कमी लागतात. मी ताईंना सांगितलं, दहाव्याच्या आधी जाऊन या. पापडाचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर एकच वाक्य बोला, "मी वाचलं नव्हतं, चुकलं माझं." पुढे पण-बिण काही नको.

त्या गेल्या. नणंद आधी बोललीच नाही. निघताना म्हणाली, "पापडाचं काय घेऊन बसल्या वहिनी? तुम्ही नंतरही फोन केला नाही, ते लागलं."

हा गुंता सुटल्यावर आम्ही धंद्याकडे वळलो. घराला ओसरी वेगळी आणि माजघर वेगळं असतं, तशी फोनमध्येही सोय करता येते. व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप २०१८ पासून वेगळं मिळतं, तेही फुकट. दुसरं सिम घेतलं तर ते त्याच फोनवर चालतं. नव्या नंबरवर ताईंनी आपल्या फोटोऐवजी पापडाचा फोटो लावला, कॅटलॉगमध्ये भाव टाकले आणि रात्री आठनंतर आपोआप जाणारं उत्तर लावलं, "सकाळी कळवते." या एका ओळीनं घरातला आणखी एक वाद मिटला. रात्री अकराला अनोळखी पुरुषांचे मेसेज येतात म्हणून नवरा धुसफुसत असे. त्याला मी एकदा बोलावून घेतलं. तो संशयी नव्हता, धास्तावलेला होता. आता पाकिटं बांधणं आणि कुरिअर तो बघतो, पत्ते त्याच नंबरवर येतात, त्यामुळे मेसेज कोणाचे हे त्याला विचारावं लागत नाही.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना वेगवेगळा पाठवण्याच्या सोयीबद्दल, एक गोष्ट अनेकींना ठाऊक नसते. तुमचा नंबर ज्यानं आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणजे ज्याला हवंय त्याच्याच घरी तुम्ही जाता. ताईंनी जुन्या गिऱ्हाइकांना एकेकट्याला विचारलं, "हंगामात मालाचे मेसेज पाठवू का? चालत असेल तर हा नंबर सेव्ह करा." यादी निम्म्यानं घटली. त्यांना वाईट वाटलं. पण उरलेल्या नावांत पुण्या-मुंबईला गेलेले आपले खान्देशी लोक होते आणि मागणी त्यांचीच होती.

फोटोही बदलले. आधी त्या कुठून तरी आलेले, फुलं काढलेले चकचकीत फोटो पाठवायच्या. आता घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, कडक उन्हात वाळत घातलेले स्वतःचे बिबडे, सोऱ्यातून पडणारी कुरडई, असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. खाली वजन, भाव, किती दिवसांत पोचेल, आणि पाकिटावरचा एफएसएसएआय, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या, नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक. "भाव विचारा" असं लिहिलं की अर्धे लोक विचारतच नाहीत, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिलंय. लाजून भाव लपवू नका, कष्टाचा भाव आहे तो.

पैशाच्या बाबतीत एक धोका मी प्रत्येकीला सांगते. मोठी ऑर्डर देणारा कोणी म्हणाला की क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, म्हणजे पैसे येतील, तर तिथंच फोन ठेवा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. लाजेपायी गेलेला एक दिवसही महाग पडतो.

सासरच्या ग्रुपवर ताई आता मालाचं काही टाकत नाहीत. तिथं कोणाला हवं असेल तर दुसरा नंबर देतात. भावबंदांकडून पैसे मागायला मात्र त्यांची जीभ अजून रेटत नाही. जावेकडे गेल्या हंगामाचे पाच किलो पापडाचे पैसे बाकी आहेत. त्याबद्दल आमचं बोलणं सुरू आहे, आणि ते मेसेजवर मागायचे नाहीत एवढं ठरलंय.