अपडेटनंतर माइनक्राफ्ट उघडेना

प्रश्न : माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत मी फॅब्रिक या मॉड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे २५ मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या जोड-फायली) घातलेत. अपडेट झाल्यापासून गेम सुरू होताच बंद पडतो. शिवाय परवा पावसात वीज गेली, तेव्हापासून एक वर्ल्ड (गेममधलं जतन केलेलं जग) उघडत नाही. तक्रार कुठे करू?
– एक वाचक, मालवण

उत्तर : तक्रारीची घाई नको. मॉड घातलेल्या गेममधला बग गेम बनवणारी मोजांग कंपनी ग्राह्य धरत नाही. लाँचरच्या ‘इन्स्टॉलेशन्स’मध्ये फोल्डरच्या चिन्हावर क्लिक केलं की गेमचा फोल्डर उघडतो. त्यातल्या ‘मॉड्स’मधल्या फायली दुसरीकडे हलवा (पुसू नका!) आणि गेम चालवून बघा. चालला, तर दोष मॉडचा. बहुधा जुन्या आवृत्तीसाठी बनवलेला एखादा मॉड तिथे राहिलाय. फॅब्रिक एपीआय (बऱ्याच मॉडना लागणारं सामाईक मॉड) हेसुद्धा गेमच्याच आवृत्तीचं हवं. ते आधी परत ठेवून बाकीचे निम्मे मॉड टाका. गेम बंद पडला तर दोषी त्याच निम्म्यात. असं अर्धं-अर्धं करत पाचेक फेऱ्यांत तो सापडतो. दोन मॉड एकमेकांशी भांडत असतील तर मात्र हा हिशेब फसतो; तेव्हा गेमच्या फोल्डरातल्या ‘क्रॅश रिपोर्ट्स’मधली ताजी फाइल वाचा. मॉडच्या कर्त्याला हीच अख्खी फाइल पाठवा, सोबत आवृत्त्या लिहा. पडद्याचा फोटो पाठवून त्याला काही कळत नाही.

वर्ल्डचं दुखणं वेगळं. गेमच्या फोल्डरातल्या ‘सेव्ह्ज’मध्ये त्या वर्ल्डचा फोल्डर असतो, त्याची आधी प्रत काढा. मग त्यातली ‘लेव्हल.डॅट’ ही फाइल बाजूला ठेवून ‘लेव्हल.डॅट_ओल्ड’ला तिचं नाव द्या. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. आणि पावसाळ्यात डेस्कटॉपला छोटा यूपीएस लावाच.