नीटला ३८७ आले, आता पोरीचं काय करावं?

(दवाखान्याच्या लाईनीत जायचं म्हणणाऱ्या पोरापोरींचे आणि त्यांच्या आईवडलांचे प्रश्न. ह्या वेळी तीन पत्रं घेतलीत, पहिल्या पत्राला जागा जास्त दिली कारण तसली पत्रं सगळ्यात जास्त येतात.)

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही सेनगाव तालुक्यातले, जिल्हा हिंगोली. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन अन् तूर. पोरगी दहावीला ९२ टक्के होती म्हणून लातूरला टाकली, दोन वर्षं क्लास, रूम, मेस सगळं धरून लई पैसा गेला. यंदा बारावीला ७८ टक्के अन् नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, ७२० पैकी ३८७ आले. एमबीबीएस लागत नाही म्हणायलेत सगळे. क्लासवाले म्हणतात एक वर्ष रिपीट करू द्या, मेव्हणा म्हणतो बीएएमएस, आयुर्वेदाचं, बघा, डॉक्टर तर म्हणतील, अन् पोरगी म्हणती मला नर्सिंग नाहीतर फिजिओ चालतंय पण वर्ष घालवायचं नाही. तिची आई रडायली, नर्सच करायची होती तर लातूरला कशाला पाठवली म्हणती. ओबीसीचं सर्टिफिकेट आहे. काय करावं?

उत्तर : भाऊ, पत्रात क्लासवाल्यांचं मत आलं, मेव्हण्याचं आलं, आईचं आलं, अन् त्या सगळ्यांत एक पोरगीच आहे जी नीट विचार करून बोलायलीय असं मला वाटलं. तिचं ऐका हे पहिलं सांगते, बाकीचं नंतर.

आता ३८७ चं. नुसत्या मार्कावरून काहीच ठरवू नका. २०२४ ला सुधारित निकालानंतरसुद्धा ७२० पैकी ७२० घेणारे १७ जण होते आणि २०२५ ला पेपर इतका अवघड गेला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. म्हणजे शेजारच्या गावातल्या पोराला दोन वर्षांमागं किती मार्कावर काय लागलं हे तुमच्या काही कामाचं नाही, यंदाची रँक बघा आणि राज्याच्या यादीत तुमच्या प्रवर्गात कितवी आहे ते बघा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या ८५ टक्के जागा राज्याच्या असतात, १५ टक्के ऑल इंडियाला जातात. आणि अजून एक, गावाकडं अजून कुणी कुणी ७०-३० सांगत बसतं, मराठवाड्याच्या पोरांना मराठवाड्यातच ७० टक्के म्हणून. ते २०२० मधेच रद्द झालंय. आता राज्याची एकच मेरिट आहे, तुमच्या पोरीला नागपूर, मुंबई, कोल्हापूर सगळं खुलं आहे आणि तिकडच्यांना नांदेड, लातूर खुलं आहे.

रिपीट करावं का? मी ह्याच्या विरोधात नाही हो, एक वर्ष थांबून लागलेली पोरं मी बघितलीत. पण एक गोष्ट तपासा, क्लासमधल्या शेवटच्या आठ-दहा टेस्टचे मार्क काढा. टेस्टला सारखे पाचशेच्या आसपास येत होते आणि परीक्षेच्या दिवशी आजारी पडली, ओएमआर म्हणजे उत्तराचे गोल भरायच्या कागदात घोळ झाला असं काही असेल तर रिपीटला अर्थ आहे. टेस्टलाही ३७०, ३९० असंच चालू असेल तर त्याच क्लासमधे तेच सर तेच नोट्स घेऊन अजून एक वर्ष बसवून फार फरक पडत नाही, आणि तिची स्वतःची इच्छाच नसताना तर अजिबात नाही. दहा महिने एका रूममधे नको असलेला अभ्यास करत बसलेल्या पोरी कशा होतात ते मी जवळून बघितलंय, त्यावर जास्त लिहीत नाही.

बीएएमएस वाईट नाही. साडेपाच वर्षं लागतात इंटर्नशिप धरून, आपल्याकडं नांदेडला आणि धाराशिवला सरकारी आयुर्वेद कॉलेज आहे, नीटवरच प्रवेश आहे, रँक बसत असेल तर ऑप्शन फॉर्ममधे, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीच्या यादीत, टाकायला हरकत नाही. पण तिथं संस्कृत आहे, संहिता आहेत, दोष-धातू-मल आहे, ज्याला ते शिकायची गोडी आहे त्यानं जावं. नावामागं डॉक्टर लागतं म्हणून जाणारं लेकरू दुसऱ्या वर्षाला कंटाळतं आणि मग साडेपाच वर्षं लई मोठी वाटतात.

आता नर्सिंग. इथं मी जरा सविस्तर बोलणार आहे कारण माझी स्वतःची तीस वर्षं त्यातच गेली, आधी वॉर्डात आणि मग पोरींना शिकवण्यात. तिच्या आईला हे वाचून दाखवा.

रात्री तीन वाजता दवाखान्यात डॉक्टर एकटा असतो, तोही कॅज्युअल्टीत. पेशंटचा श्वास बदलला हे आधी कळतं ते सिस्टरला. सलाईन किती थेंबानं चाललंय, लघवी किती झाली, बीपी कधीपासून खाली यायलंय, हे सगळं तिच्या डोक्यात असतं आणि तिनं वेळेवर फोन केला तर माणूस वाचतो, नाही केला तर नाही. ही नोकरी ज्याला हलकी वाटते त्यानं एक रात्र सरकारी दवाखान्यात नातेवाईकाजवळ काढावी.

बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं आहे, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं. बारावीला पीसीबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी पाहिजे, तिचं ते आहेच. पण ह्याला राज्याची वेगळी सीईटी आहे, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीसोबत इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूडचे प्रश्न येतात, आणि फॉर्म नीटच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. तुमच्या पत्रात सीईटीचा शब्दच नाही म्हणून मला काळजी वाटली. दरवर्षी शेकडो घरात हेच होतं, नीटवर सगळं लावलेलं असतं आणि निकाल लागल्यावर कळतं की दुसऱ्या परीक्षेची तारीख निघून गेली. तिनं दिली असेल तर फारच छान. नसेल दिली तर जीएनएम आहे, नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचा, आणि त्याच्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, म्हणजे रस्ता लांबतो पण बंद होत नाही.

पुढं काय म्हणाल तर एम्सची नॉर्सेट म्हणून परीक्षा असते, नर्सिंग ऑफिसरची, सातव्या वेतन आयोगात मूळ पगार ४४,९०० पासून सुरू होतो आणि त्यातल्या ८० टक्के जागा बायकांसाठी आहेत. राज्याच्या दवाखान्यात अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, भरती निघते. आणि उपकेंद्रावर जो समुदाय आरोग्य अधिकारी बसतो ना, त्या कंत्राटी पदावर बीएएमएस झालेला पण बसतो आणि बीएस्सी नर्सिंग झालेली पण बसते, खुर्ची एकच, हे तुमच्या मेव्हण्याला सांगा. खासगी दवाखान्यात मात्र सुरुवातीचा पगार कमीच असतो आणि ड्युटी जास्त, हे पण खरं आहे, ते लपवून उपयोग नाही.

फिजिओ पण चांगलं आहे, पॅरालिसिस झालेला माणूस परत चालायला लागतो ते बघायला मिळणं लहान गोष्ट नाही. आपल्याकडं ह्याला प्रवेश नीटवरच होतो, चार वर्षं शिकणं आणि वर इंटर्नशिप. अडचण फीची आहे. सरकारी जागा राज्यात अगदी थोड्या, आपल्या भागातली कॉलेजं जवळजवळ सगळी खासगी.

पण फीबद्दल एक काम ताबडतोब करा. जुलै २०२४ मधे सरकारनं जीआर काढलाय, आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या मेरिट यादीवरून, प्रवेश झाला तरच, मॅनेजमेंट कोट्यातून नाही, हे ध्यानात ठेवा, कारण एजंट लोक हे दोन्ही मुद्दाम एक करून सांगतात. होस्टेल, मेस त्यात येत नाही. ह्या फी माफीसाठी नॉन क्रीमीलेयर सर्टिफिकेट चालू मुदतीचं पाहिजे, त्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि जात पडताळणी झालेली पाहिजे. नुसतं जातीचं सर्टिफिकेट म्हणजे व्हॅलिडिटी नव्हे. व्हॅलिडिटी नसेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आजच्या आज अर्ज करून त्याची पावती जवळ ठेवा.

आणि ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी चार दिवस पोरीला दवाखान्यात नेऊन बसवा. हिंगोलीचं सिव्हिल जवळ आहे. ओळखीचं कुणी ना कुणी अॅडमिट असतंच, त्याच्याजवळ तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहू द्या. बेडपॅन कोण देतं, ड्रेसिंग कोण करतं, पेशंटचा पाय धरून व्यायाम कोण घेतं, कोणावर नातेवाईक ओरडतात, हे तिनं स्वतः बघावं. रक्त बघून चक्कर आली तर घाबरू नका, ती बऱ्याच जणांना पहिल्यांदा येते. संध्याकाळी फक्त एवढंच विचारा, ह्यातलं कुणाचं काम तुला करावंसं वाटलं? ती जे सांगेल ते पहिल्या नंबरला टाका.

प्रश्न : मी माजलगावचा, अकरावीला आहे. मला एक्सरे-सिटी स्कॅनचं काम आवडतं, मामा एका सेंटरवर असतात तिथं बघितलंय. मॅथ्स ठेवू का सोडू? दहावीपर्यंत मराठी मिडीयम होतं त्यामुळं इंग्रजी अवघड जातंय. आणि एक जण म्हणाला एक वर्षाचा रेडिओलॉजीचा कोर्स आहे, लगेच नोकरी, बारावी झाली की तोच करू का?

उत्तर : तुला अकरावीतच कळलंय तुला काय आवडतं, हे फार कमी जणांना कळतं बाळा.

एक वर्षवाल्याचं आधी बोलते. माझ्या भाचीनं असाच एक कोर्स केला होता, भिंतीवर मोठे फोटो, शंभर टक्के नोकरी लिहिलेलं, सर्टिफिकेट पण मिळालं. नोकरीला गेली तेव्हा रजिस्ट्रेशन विचारलं आणि कळलं की त्या संस्थेला मान्यताच नव्हती. पैसे गेले, त्यापेक्षा दीड वर्ष गेलं. म्हणून कुठलाही कोर्स असू दे, संस्थेत गेलास की दोनच गोष्टी विचार, कोणत्या विद्यापीठाचं किंवा बोर्डाचं सर्टिफिकेट मिळणार आणि त्याच्यावर कोणत्या कौन्सिलमधे नोंदणी होते. तुझ्या कामासाठी महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिल आहे. उत्तर गोलमोल आलं की उठायचं.

तुला हवा तो कोर्स म्हणजे बीपीएमटी, पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची आरोग्य विद्यापीठाची डिग्री, तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप. त्यात रेडिओग्राफी आहे, लॅब आहे, ऑपरेशन थिएटर, ब्लड बँक असं बरंच आहे, आणि मेडिकल कॉलेजमधेच शिकवतात त्यामुळं मशीन रोज हाताखाली असतं. अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज तुला जवळच आहे, एकदा तिथल्या रेडिओलॉजी विभागाबाहेर जाऊन तिथल्या टेक्निशियनला विचार, सांगतात लोक. त्याच्या छातीजवळ छोटा बॅज दिसेल, टीएलडी म्हणतात, अंगावर रेडिएशन किती गेलं ते त्यावरून मोजतात. मामांच्या सेंटरवर तो वापरतात का ते पण बघ.

मॅथ्स ह्या कामासाठी लागत नाही. झेपत असेल तर ठेव, कारण मग पुढं बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा, म्हणजे हीच मशीन बनवायचा आणि दुरुस्त करायचा रस्ता पण उघडा राहतो. झेपत नसेल तर सोड आणि फिजिक्स पक्कं कर, एक्सरे म्हणजे सगळं फिजिक्सच आहे. आणि बारावीला राज्याच्या एमएचटी-सीईटी परीक्षेचा फॉर्म पीसीबी ग्रुपनं भरून ठेवायचाच, बी फार्मसी त्याच्यावर असते, निगेटिव्ह मार्किंग नसतं आणि अकरावीचा सिलॅबस साधारण २० टक्के येतो, म्हणजे आत्ता जे शिकतोयस ते वाया जात नाही.

इंग्रजीचं मनावर घेऊ नको पण दुर्लक्ष पण करू नको. नीट मराठीतून देता येते, तरी कॉलेजची पुस्तकं सगळी इंग्रजीच आहेत. रोज बायोलॉजीचं एक पान मोठ्यानं वाच, अवघड शब्दासमोर पेन्सिलीनं मराठी लिही, वहीत नको, पुस्तकातच. माझ्याकडं बीडच्या, परभणीच्या खेड्यातून आलेल्या पोरी पहिल्या सहा महिन्यात वर्गात तोंड उघडत नव्हत्या, तिसऱ्या वर्षाला त्याच केस प्रेझेंटेशन द्यायच्या.

प्रश्न : उदगीर. बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष. बारावीला नीट दिली नाही त्याचा आता पश्चात्ताप होतो. हेल्थ लाईनला यायला उशीर झाला का?

उत्तर : नाही झाला. नीटला वयाची वरची अट नाहीये, मनापासून डॉक्टरच व्हायचं असेल तर अजून देता येते. पण तुझा विषय सोडून पळायची मला गरज वाटत नाही ग, तू आधीच ह्या लाईनीत आहेस. पावसाळ्यात एखाद्या गावात गॅस्ट्रोची साथ येते तेव्हा पाण्याचे नमुने जातात कुठं? सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत, आणि तिथं तुझ्याच विषयाची माणसं लागतात. डिग्रीनंतर पीजी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा, करून लॅबला जाता येतं, मेडिकल मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी आहे, आणि साथी, लसीकरण, गावाचं आरोग्य ह्यात मन असेल तर एमपीएच म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ आहे दोन वर्षांचं, मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटला पण आहे. तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट करताना सरांना सांग की मला गावातल्या विहिरी, बोअरच्या पाण्यावर करायचाय, पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा नमुने घे, आणि आकडे आले की मला पत्र टाक.