गावाचा लिखित इतिहास नाही, घराघरात जुने फोटो मात्र आहेत, त्यावरून इतिहास लिहिता येईल का?

येईल की, नक्की येईल. मला या कामाचं वेड आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लहान गावाबद्दल सरकारी कागदात जमीन, कर, जन्ममृत्यू एवढंच सापडतं, रोजचं जगणं फोटोत असतं आणि ते पण माणसांच्या मागे. लग्नाच्या ग्रुप फोटोत सगळे नवरानवरीला बघतात, तुम्ही मागची भिंत बघा, छप्पर कशाचं आहे, रस्ता कच्चा की पक्का, विजेचा खांब दिसतो का. एकाच चौकाच्या दोन फोटोंपैकी एकात खांब आहे आणि एकात नाही, तर वीज कधी आली तेवढं शोधा, कुठला आधीचा ते लगेच कळतं.

मग फोटो उलटा करून मागे बघा. जुन्या काळी बरेच फोटो पोस्टकार्डावरच छापायचे, कोडॅकने १९०३ ला थ्री-ए नावाचा कॅमेरा काढला त्याची निगेटिव्हच (म्हणजे जिच्यावरून फोटो छापतात ती मूळ फिल्म किंवा काच) पोस्टकार्डाच्या साइजची होती. मागे मधोमध रेघ असेल, एकीकडे पत्ता आणि एकीकडे मजकूर, तर ब्रिटनमधलं कार्ड १९०२ च्या आधीचं नसणार आणि अमेरिकेतलं १९०७ च्या. पण यावरून फक्त प्रिंटचा काळ कळतो हं, निगेटिव्ह त्याहून बरीच जुनी असू शकते, इथे भले भले फसतात. आणि काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापली की डावं-उजवं बदलतं, म्हणून एखाद्या पाटीवरची अक्षरं किंवा कोटाची बटणं उलटी दिसतात का ते आधी तपासा, नाहीतर अख्खा रस्ता उलट्या बाजूला दाखवून बसाल.

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांशी बोलणं. फोटो मोठा प्रिंट करून समोर ठेवा आणि गप्प बसा, हा कोण तो कोण असं लगेच विचारू नका, त्यांची त्यांना विहीर आठवते, मग विहिरीवरून भांडण आठवतं, मग भांडणारी माणसं. कोणी सांगितलं, कधी सांगितलं ते लिहून ठेवा. दोघांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, आपण निवाडा करायचा नाही.

ओरिजिनल फोटो घरी नेऊच नका, तिथल्या तिथे दोन्ही बाजू स्कॅन करा, ६०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) पुरे. मागे बॉलपेनने कधीच लिहू नका प्लीज, दाब पुढच्या बाजूला उमटतो, मऊ पेन्सिल वापरा. आणि सुरुवात गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या घरापासून करा, तरुणांचे अल्बम पुढच्या वर्षी पण मिळतील.