मिलिमीटर वेव्हवर फोन-ते-फोन: कॅश कुणाकडे, आणि जोडी कुणाची?

तुमचा प्रश्न असा: मिलिमीटर वेव्हच्या (फार वरच्या फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरींच्या) सेलमध्ये, म्हणजे एका बेस स्टेशनच्या हद्दीत, लोकप्रिय व्हिडिओ सगळ्या फोनांत आधीच साठवले (हाच कॅश) आणि फोनांनी ते थेट एकमेकांना दिले, तर बेस स्टेशनचा भार हलका होईल का?

होईल, पण सगळ्यांकडे तेच व्हिडिओ साठवून नाही. ज्याला हवं त्याच्याकडे ते असेलच, मग शेजाऱ्याने द्यायचं काय? उरलेल्या मागणीसाठी सगळे पुन्हा बेस स्टेशनच्याच दारात. मागणी साधारण झिफच्या नियमाने चालते, म्हणजे थोड्या फायलींना प्रचंड मागणी आणि मागे लांबलचक शेपूट. म्हणून फार लोकप्रिय फाइल बऱ्याच फोनांत, मधल्या फायली विखरून, असं वाटप करा.

खरी गंमत अंतरात आहे. अँटेनाचा गेन (सिग्नल एका दिशेला एकवटण्याची ताकद) तोच धरला, तर 2.8 गिगाहर्ट्झपेक्षा 28 वर मोकळ्या जागेतली सिग्नलची घट 20 डेसिबलने, म्हणजे शंभरपट, जास्त. मध्ये माणूस उभा राहिला की आणखी 20च्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. दहा मीटरवरचा शेजारी म्हणूनच मोलाचा. 60 गिगाहर्ट्झवर ऑक्सिजन शोषून घेतो त्याची धास्ती बाळगू नका: किलोमीटरला सुमारे 15 डेसिबल, म्हणजे दहा मीटरला जेमतेम 0.15. शिवाय बीम, म्हणजे एका दिशेला रोखलेला सिग्नल, अरुंद असल्याने अनेक जोड्या एकाच वेळी तीच फ्रिक्वेन्सी वापरू शकतात. माझ्या मते सर्वात मोठा फायदा हाच.

अडचण बीम जुळवण्याची. दोन्हीकडे 32 दिशा असल्या आणि सगळ्या तपासायच्या म्हटल्या तर 1024 जोड्या होतात! टप्प्याटप्प्याने शोधलं तर काम बरंच कमी होतं, पण हातातला फोन जरा फिरला की पुन्हा जुळवणी. छोट्या फाइलसाठी हा खटाटोप परवडत नाही. त्यामुळे कुणाकडे काय आहे आणि कोणाची जोडी लावायची, हे खालच्या फ्रिक्वेन्सीवरून बेस स्टेशनलाच ठरवू द्या. प्रत्येक मागणाऱ्यासाठी दुसरा देणारा तयार ठेवा आणि फाइल तुकड्यांत पाठवा. मध्ये कुणी आलं तरी आधीचे तुकडे वाया जात नाहीत.

मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने एलटीईत (4जीत) फोन-ते-फोन थेट संवाद मानकांच्या रिलीज 12 या आवृत्तीत आणला, 5जी साइडलिंक (5जीतला तसाच थेट दुवा) रिलीज 16 मध्ये. पण हे साइडलिंक मुख्यतः वाहनांसाठी होतं आणि त्यात बीम सांभाळण्याची खास सोय नव्हती. हे सगळं संगणकावर सिम्युलेशन करून तपासणार असाल, तर तो भाग तुम्हालाच लिहावा लागेल.

देणाऱ्याच्या बॅटरीवर मर्यादा नक्की घाला. दुसऱ्यासाठी कुणाचा फोन रिकामा होणं योग्य नाही. आणि नुसता कॅश हिट रेशो (किती मागण्यांना फाइल कॅशमध्ये सापडली त्याचं प्रमाण) मोजू नका. फाइल शेजारी सापडली पण बीम जुळेपर्यंत व्हिडिओ अडकला, तर तो हिट धरू नका.