पान २७ आणि ट्रॉफी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या मासिकाला बक्षीस मिळाल्याचा पेपरातला फोटो पाहिला. यंत्रमागाच्या धंद्यावरचं मासिक, निघतं सोलापुरातून आणि बक्षीस देतात उद्योगातलीच माणसं. मला मनापासून आनंद झाला. फोटोत मात्र तू, संपादक आणि ट्रॉफी, एवढंच. बाकीची माणसं कुठं गेली म्हणून मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

अंकात तळाशी ती बारीक ओळ असते ना, 'मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक येथे छापून...', ती कुणी हौसेनं छापत नाही. १८६७च्या कायद्यानं मुद्रक-प्रकाशकाचं नाव सक्तीचं केलं; उद्या काही वावगं निघालं तर सरकारला धरायला माणूस हवा. मुद्रितशोधकाचं नाव छापा, असं मात्र कुठल्याही कायद्यानं सांगितलेलं नाही. पानं लावणारा, कारखानदारांचं तेलुगू बोलणं मराठीत उतरवून देणारा, रात्री दोन वाजता रंग सरकलेला पाहून मशीन थांबवणारा, यांची नावं छापायची तर ते आपणच ठरवावं लागतं. पुढच्या अंकात छाप. 'सर्व सहकाऱ्यांचे आभार' असली मोघम चौकट नको, कुणी काय केलं ते लिही. आणि नाव ज्याचं त्याला विचारून घे. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू आडनावं आपण वर्षानुवर्षं वाटेल तशी छापत आलोय.

आता जरा कडू. स्पर्धेला आपण आपले निवडक तीन अंक पाठवले, परीक्षकांनी ते तीन पाहिले. वर्गणीदारांनी बाराही पाहिलेत. पावसाळ्यातला तो घाईत उरकलेला अंक तुला आठवतो, मलाही आठवतो.

मी डेस्कवर नवा होतो तेव्हाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही, लाज वाटायची. एका वार्ताहरानं लिहिलं होतं, '४० काउंटचं सूत २० काउंटपेक्षा बारीक.' आकडा मोठा तर सूत जाड, असा माझा सरळ हिशेब. मी 'बारीक' खोडून 'जाड' केलं, वर त्या बिचाऱ्याला हसलोही. अंक गेला. तिसऱ्या दिवशी टॉवेलचे एक कारखानदार ऑफिसात आले. खिशातून सुताचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "बोट लावून बघा." मग शांतपणे समजावलं. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्याचा काउंट. लडी जास्त, तर सूत बारीक. मागावरच्या पोराच्या बोटांना जे कळतं, ते मी पेनानं खोडलं होतं. माझ्या डोक्यावर भिंतीला उत्कृष्ट मासिकाचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं. त्यांनी तिकडं मान वर करूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून आकडा असलेलं प्रत्येक वाक्य मी छापण्याआधी त्या धंद्यातल्या माणसाला फोनवर वाचून दाखवायचो. वेळ जातो, लोक वैतागतात, 'का बे, परत तेच?' म्हणतात. जाऊ दे वेळ.

जाहिरात विभाग आता बक्षिसाच्या नावावर पानं वाढवा म्हणेल. वाढव, पण आधी एक पूर्णवेळ मुद्रितशोधक मागून घे. बक्षीस ताजं आहे तोवर मालक नाही म्हणायचे नाहीत. दोन महिन्यांनी विचारलंस तर बजेट निघेल.

रविवारी घरी ये, कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. येताना पुढच्या अंकाची प्रुफं आण. ट्रॉफी राहू दे ऑफिसात.

तुझा,
जुना डेस्कवाला

ता. क. बक्षीसपात्र अंकात पान २७वर 'ताणा'चा (मागावरच्या उभ्या धाग्यांचा) 'ताना' झालाय. परीक्षकांच्या नजरेतून सुटला, अशोक चौकातल्या एकानं मला परवाच दाखवला.